जगात जर्मनी, भारतात परभणी… आणि पेट्रोलच्या भावातही परभणीच!



परवा स्टेशन रोडला चहा पित उभा होतो. शेजारी एक रिक्षावाला पोरगा. मला ओळखून म्हणाला, "दादा, तुम्ही पत्रकार लोक यावर लिहीत का नाहीत? गावातले पंपवाले लुटायलेत. माझा भाऊ पुण्यात बाईकवर पार्सल पोचवतो. त्याला लिटरमागं दोन-तीन रुपये कमी लागतेत. कंपनी तीच, पेट्रोल तेच. मग मधले पैसे खायलंय कोण?"

प्रश्न साधा होता. उत्तर एका ओळीत देता येईना. म्हणून ही पोस्ट. लांब आहे, चहा घेऊन बसा.

आधी एक गोष्ट मिटवून टाकू. फलकावरचा भाव पंपवाला ठरवत नाही. १६ जून २०१७ पासून देशभर रोज सकाळी सहा वाजता नवा भाव लागू होतो आणि तो तेल कंपनीकडून येतो. त्याआधी महिन्याच्या १ आणि १६ तारखेला भाव बदलायचे. सरकारी कंपनीच्या पंपमालकाला लिटरमागे ठरलेलं कमिशन मिळतं. भाव वाढला म्हणून त्याचं कमिशन त्या मानाने फुगत नाही. एकाच गावात मधल्या पंपावर आणि बायपासच्या पंपावर पाच-दहा पैशांचा फरक दिसतो, तो बहुतेक वेळा कंपनी वेगळी असल्याचा किंवा डेपोपासूनच्या किलोमीटरचा असतो. मापात मारणं ही वेगळी चोरी. तिच्यासाठी प्रत्येक पंपावर पाच लिटरचं शिक्का मारलेलं माप ठेवावं लागतं आणि ते मागायचा तुम्हाला हक्क आहे. संशय आला तर मापून मागा, लाजू नका. पण दोन-तीन रुपयांचा फरक मापातला नाही. तो इतिहासातला आहे.

हा इतिहास सुरू होतो नागपुरातून.

१९३८ साल. नागपूर तेव्हा मध्य प्रांत आणि वऱ्हाडची राजधानी. प्रांतात लोकांनी निवडून दिलेलं सरकार होतं आणि तिजोरीत खडखडाट. या सरकारने कायदा केला: पेट्रोल आणि वंगण तेलाच्या किरकोळ विक्रीवर पाच टक्के कर. दिल्लीचं सरकार खवळलं. त्यांचं म्हणणं, पेट्रोलवर उत्पादन शुल्क लावायचा अधिकार आमचा, प्रांताने त्यात हात घालू नये. वाद नव्यानेच स्थापन झालेल्या फेडरल कोर्टापुढे गेला. त्या कोर्टाकडे सल्ल्यासाठी आलेला हा पहिलाच मामला. तीन न्यायाधीशांत एक आपले मराठी होते, मुकुंदराव जयकर. कोर्टाने निकाल प्रांताच्या बाजूने दिला. माल तयार होतो त्यावरचा कर दिल्लीचा, आणि माल विकला जातो त्यावरचा कर प्रांताचा.

आज तुमच्या पावतीत केंद्राचं उत्पादन शुल्क वेगळं आणि राज्याचा व्हॅट वेगळा, ही जी दोन भांडी आहेत, त्यांची वाटणी तिथे पक्की झाली. जीएसटी आला तेव्हा राज्यांनी जवळपास सगळे विक्रीकर सोडले. पेट्रोल, डिझेल आणि दारू मात्र सोडली नाही. कारण उघड आहे. रोज, न चुकता, न भांडता पैसा देणारी ही दुभती गाय आहे.

त्या काळात परभणी निजामाच्या राज्यात. त्यामुळे नागपूरचा कर आपल्याला लागू नव्हता. पण निजामाच्या राज्यात असल्याची दुसरी किंमत आपण पुढे मोजली, ती रुळांवर. त्यावर येतोच.

आता तेलाकडे. स्वातंत्र्यानंतर आपल्याकडे तेल म्हणजे परदेशी कंपन्या: बर्मा शेल, एसो, कॅलटेक्स. मुंबईत तुर्भे-माहुलला १९५४-५५ मध्ये दोन मोठे शुद्धीकरण कारखाने उभे राहिले, एक स्टँडर्ड व्हॅक्यूमचा (पुढची एसो), दुसरा बर्मा शेलचा. भाव ठरायचा बंदरावर. बंदरातला भाव, अधिक तुमच्या गावापर्यंतचं रेल्वेभाडं. म्हणजे समुद्रापासून जितके लांब, तितकं महाग. ही रीत तेव्हापासूनची.

भाव कसा ठरवावा यावर सरकारने एकामागून एक समित्या नेमल्या. १९६१ ची दामले समिती, १९६५ ची तालुकदार समिती, नंतर शांतिलाल शाह समिती. मग १९७३ चं जागतिक तेलसंकट आलं. १९७४ मध्ये एसोचा भारतातला धंदा सरकारने ताब्यात घेतला, त्याचं हिंदुस्थान पेट्रोलियम झालं. १९७६ मध्ये बर्मा शेल घेतलं, त्याचं भारत पेट्रोलियम झालं. यानंतर कारभार आला सरकारी भावाचा. यात 'तेल पूल खातं' नावाची एक व्यवस्था होती. साध्या भाषेत सांगायचं तर एक मोठी भिशी. पेट्रोलवाल्याकडून थोडे जास्त घ्यायचे आणि त्यातून रॉकेल आणि गॅस स्वस्त ठेवायचा. वाहतुकीचा खर्चही काही प्रमाणात याच भिशीतून वाटून घेतला जायचा. गावोगावच्या भावात फरक तेव्हाही होता, पण अंतराचा सगळा बोजा एकट्या लांबच्या गावावर पडू नये, हा विचार सरकारी कागदावर तरी होता.

ती भिशी १ एप्रिल २००२ ला मोडली. खात्यावर तोटा साचला होता, कंपन्यांचे पैसे अडकले होते. मोडायला कारणं खरी होती. २०१० च्या जूनमध्ये पेट्रोलचा भाव सरकारने कंपन्यांवर सोडला, ऑक्टोबर २०१४ मध्ये डिझेलचा. भिशी मोडताना रॉकेल आणि गॅससाठी अनुदानाची वेगळी सोय झाली. पेट्रोल-डिझेलच्या लांबच्या गिऱ्हाइकाची मात्र कुणाला आठवण झाली नाही.

इथे तुम्ही म्हणाल, पण पूर्वी तर शहरातच पेट्रोल महाग असायचं! बरोबर. चाळिशीच्या पुढच्यांना जकात नाका आठवत असेल. बांबूचा आडवा अडसर, बाजूला पत्र्याची टपरी, आत पावती फाडणारा माणूस. जिथे पेट्रोलवर जकात होती तिथे ती भावात मिळवली जायची. म्हणून नाक्याच्या आत महाग आणि बाहेर स्वस्त. मुंबईकर ठाण्याच्या हद्दीत गेला की टाकी भरून घ्यायचा, ते यामुळेच. शहराच्या मधोमध असलेल्या पंपावर भाव जास्त, हा अनुभव खोटा नव्हता. फक्त तो पंपवाल्याचा नव्हे, महापालिकेचा होता.

नगरपालिकांची जकात १९९९ मध्ये गेली. महापालिकांनी जकातीच्या जागी २०१० पासून टप्प्याटप्प्याने एलबीटी आणला. व्यापाऱ्यांनी बंद पाळले, मोर्चे काढले, तुम्हाला आठवत असेल. आपली नगरपालिका २०११ मध्ये महापालिका झाली आणि ते दुखणं आपल्याही वाट्याला आलं. १ ऑगस्ट २०१५ पासून वर्षाला पन्नास कोटींच्या आतल्या उलाढालीवरचा एलबीटी उठला. शेवटी १ जुलै २०१७ ला जीएसटी आला आणि मुंबईची जकातही संपली. मुंबईतलं पेट्रोल लगेच उतरलं.

म्हणजे काय झालं बघा. शहराला महाग करणारा नाका गेला. गावाला महाग करणारं अंतर मात्र जागेवरच राहिलं. तराजू फिरला, आणि आपण खालच्या पारड्यात राहिलो.

आता हे अंतर किती? आपल्याकडचं बरंचसं इंधन मनमाडजवळच्या पानेवाडीतून येतं. मुंबईहून मनमाडपर्यंत जमिनीखालून नळ आहे, १९९८ मध्ये सुरू झालेला. नळातून तेल वाहून नेणं सगळ्यात स्वस्त. तो नळ मनमाडला आला आणि तिथून मध्य प्रदेशात, पुढे दिल्लीच्या दिशेने गेला. मराठवाड्याकडे वळला नाही. मनमाड ते परभणी रस्त्याने सुमारे तीनशे किलोमीटर. हे तीनशे किलोमीटर टँकर धावतो, आणि रिकामा परत जातो. जाण्या-येण्याचं भाडं आपल्या लिटरात. जानेवारी २०२४ मध्ये टँकरचालकांनी दोन दिवस संप केला तेव्हा पंपांवर झालेली झुंबड विसरला नसाल. आपलं सगळं त्या एका रस्त्यावर लटकलेलं आहे, हे त्या दोन दिवसांत कळलं.

आणि रूळ? मनमाडहून सिकंदराबादला जाणारी लाइन निजामाच्या काळात, १९०० च्या सुमारास पुरी झाली. पण अरुंद, मीटर गेजची. मुंबईकडचं रुंद रूळ मनमाडला संपायचं, तिथून माल उतरवा, दुसऱ्या डब्यात चढवा. हा रस्ता रुंद व्हायला १९९० चं दशक उजाडलं. जवळपास नव्वद वर्षं मराठवाडा त्या एका जंक्शनच्या पलीकडे उभा होता. तेलाचे मोठे साठे मनमाडला का झाले आणि आपल्याकडे का नाहीत, याचं अर्धं उत्तर या रुळांत आहे.

इथपर्यंत तरी मी म्हणेन, ठीक आहे. लांब आहोत, भाडं पडणार. भूगोलाशी कोण भांडणार? पण पुढची गोष्ट भूगोलाची नाही.

केंद्राचं उत्पादन शुल्क लिटरमागे ठरलेल्या रुपयांत असतं. मुंबईत जेवढं, तेवढंच परभणीत. राज्याचा व्हॅट मात्र टक्क्यांत आहे. आणि तो कशावर लागतो? कंपनीचा मूळ भाव, त्यात वाहतूक भाडं, त्यात उत्पादन शुल्क, त्यात पंपवाल्याचं कमिशन, या सगळ्या बेरजेवर. म्हणजे भाड्यावरसुद्धा.

समजा मुंबईपेक्षा आपल्याकडे लिटरमागे दोन रुपये भाडं जास्त पडलं. त्यावर पंचवीस टक्के व्हॅट, म्हणजे पन्नास पैसे. आपण लांब राहतो याचे दोन रुपये टँकरला, आणि आपण लांब राहतो याचे पन्नास पैसे सरकारला. अंतरावर कर! त्या रिक्षावाल्या पोराला सांगायचं राहिलं ते हे. बाबा, मधल्या पैशातले काही टँकरच्या टायरमध्ये गेले, आणि काही मंत्रालयात.

पन्नास पैसे म्हणजे किरकोळ वाटतील. तो पोरगा दिवसाला चार लिटर टाकतो असं धरा. एकूण अडीच रुपयांच्या फरकाने दिवसाला दहा रुपये, वर्षात तीनशे दिवस रिक्षा फिरली तर तीन हजार रुपये. त्यातले सहाशे नुसते अंतरावरचा कर. पोराच्या एका वर्षाच्या वह्या-पुस्तकांचा खर्च. शिवाय ट्रॅक्टरचं डिझेल, भाजीचा टेम्पो, सोयाबीन घेऊन जाणारा ट्रक, हे सगळं त्याच भावावर चालतं. पेट्रोल महाग म्हणजे मंडईतली मेथी महाग.

त्यात अधिभाराची कहाणी ऐका. २०१५ साली मराठवाडा दुष्काळात होरपळत होता. पुढच्या उन्हाळ्यात लातूरला रेल्वेने पाणी आणावं लागलं. त्या दुष्काळासाठी पैसा उभा करायचा म्हणून ऑक्टोबर २०१५ पासून राज्याने पेट्रोल आणि डिझेलवर लिटरमागे दोन रुपये जादा लावले. कारण योग्य होतं, कुणी कुरकुर केली नाही. पण गंमत बघा, दुष्काळ आमचा, आणि त्यासाठीचा अधिभार आमच्याच टाकीतूनही. २०१७ मध्ये अधिभार आणखी वाढला. मधे कमी झाला, पुन्हा चढला. जुलै २०२२ मध्ये नव्या सरकारने पेट्रोलवर पाच आणि डिझेलवर तीन रुपये कमी केले, तरी पेट्रोलवर टक्केवारीच्या वर ५ रुपये १२ पैसे उरलेच. आपल्याकडे अधिभार पाहुण्यासारखा येतो आणि जावयासारखा राहतो.

या सगळ्याची बेरीज म्हणजे आपलं नाव देशभर गाजणं. सप्टेंबर २०१८ मध्ये परभणीत पेट्रोलने नव्वदी ओलांडली आणि दिल्लीच्या चॅनेलवर आपला फलक झळकला. मलाही त्या दिवशी दोन ठिकाणांहून फोन आले होते, "फलकाचा फोटो पाठवा, त्यात आकडा नीट दिसला पाहिजे." कारण कुणी विचारलं नाही. फेब्रुवारी २०२१ मध्ये पॉवर पेट्रोल शंभरावर गेलं. मे महिन्यात साध्या पेट्रोलनेही शंभरी गाठली. मुंबईने २९ मे ला गाठली, आपण त्याच्या आधीच. आपण आयुष्यभर ऐकत आलोय, "बनी तो बनी, नहीं तो परभणी." या एका बाबतीत परभणी पहिली बनली. हसावं की रडावं?

आता २०२४ मधल्या दोन गोष्टी. दोन्ही जपून वाचा.

पहिली. २८ जून २०२४ चा राज्याचा अर्थसंकल्प. मुंबई, ठाणे आणि नवी मुंबई महापालिका हद्दीत पेट्रोलवर २६ टक्के आणि डिझेलवर २४ टक्के कर होता, बाकी राज्यात २५ आणि २१. अर्थमंत्री अजित पवार यांनी मुंबईचा दर बाकी राज्याइतका केला. कारण दिलं, राज्यात कर एकसमान असावा. तिकडे पेट्रोल साधारण ६५ पैशांनी आणि डिझेल दोन रुपयांनी उतरलं. मला यात वावगं दिसत नाही. मुंबईतला टॅक्सीवालाही आपलाच माणूस. पण एकसमानतेचं तत्त्व मुंबईसाठी मान्य असेल तर ते परभणीपर्यंत यायला काय हरकत? टक्का सारखा केला, पण बेरीज सारखी नसेल तर रुपया सारखा होत नाही. आजही लिटरमागे राज्याला मुंबईकरापेक्षा परभणीकर जास्त कर देतो. टक्का तोच, रक्कम जास्त. हे समजून घ्या आणि चार जणांना समजावून सांगा.

दुसरी. ऑक्टोबर २०२४ च्या शेवटी, दिवाळीच्या तोंडावर, सरकारी तेल कंपन्यांनी पंपवाल्यांचं कमिशन वाढवलं आणि सोबत राज्यांतर्गत वाहतूक भाड्याची फेरमांडणी जाहीर केली. म्हणजे डेपोपासून लांबच्या गावांवरचा भाड्याचा बोजा हलका करायचा. ओडिशातल्या मलकानगिरी जिल्ह्यात काही ठिकाणी पेट्रोल साडेचार रुपयांहून जास्त उतरलं, छत्तीसगडच्या सुकम्यात दोन रुपयांहून जास्त. म्हणजे मोडलेली भिशी थोडीशी पुन्हा बांधता येते, हे कंपन्यांनीच सिद्ध केलं. पण जिथे निवडणुकीची आचारसंहिता होती ते भाग त्या घोषणेतून वगळले होते. आणि महाराष्ट्रात तेव्हा विधानसभेची धामधूम होती, २० नोव्हेंबरला मतदान. देशातल्या महाग पेट्रोलचं उदाहरण म्हणून ज्या गावाचा फोटो छापायचे, त्या गावाच्या राज्याचं नाव त्या दिवशी यादीत नव्हतं.

म्हणून त्या पोराला आणि तुम्हालाही माझं सांगणं एवढंच. पंपावरच्या पोराशी भांडू नका, तो बारा तास उन्हात उभा असतो आणि भाव त्याच्या हातात नाही. भांडायचं तर योग्य दारात जाऊन भांडू. मागण्या तीनच आहेत.

एक, व्हॅट लावताना वाहतूक भाडं बाजूला ठेवा. नाहीतर केंद्रासारखा लिटरमागे ठरलेल्या रुपयांत कर घ्या, मुंबईत जेवढा तेवढाच गंगाखेडला, जिंतूरला, सेलूला. हे राज्याच्या हातात आहे, दिल्लीला विचारायची गरज नाही.

दोन, मलकानगिरीला जो भाड्याचा न्याय, तोच मराठवाड्याला. आपल्या खासदारांनी हा प्रश्न लोकसभेत नाव घेऊन विचारावा: परभणीच्या लिटरात भाडं किती आणि ते कमी कधी करणार?

तीन, मराठवाड्यात नळाने तेल आणणारा साठा. आमच्या पंपवाल्यांची ही जुनीच मागणी आहे. निवडणुकीला तिची आठवण निघते, निकालाला ती विसरली जाते.

१९३८ मध्ये नागपूरच्या सरकारने दिल्लीला ठणकावलं होतं की आमच्या गावात विकल्या जाणाऱ्या पेट्रोलवरचा कर आम्ही ठरवणार. कोर्टाने तो हक्क मान्य केला. तो हक्क आज मुंबईत मंत्रालयात बसलाय. ज्याच्या हातात हक्क आहे त्याला हिशेब विचारायचा हक्क आपल्या हातात आहे. तो वापरा.

उद्या सकाळी टाकी भरताना पावती फेकू नका. फोटो काढा, गावाचं नाव, तारीख आणि भाव लिहून मला पाठवा. पाथरी, मानवत, पूर्णा, सोनपेठ, पालम, सगळीकडचे पाठवा. नाशिक-पुण्यात पोरं असतील तर तिकडचेही मागवा. पंधरा दिवसांनी सगळे आकडे एका तक्त्यात मांडून आपल्या आमदार-खासदारांच्या हातात देईन, आणि ते काय म्हणाले तेही इथेच लिहीन.

जगात जर्मनी, भारतात परभणी हे आपण अभिमानाने म्हणतो. ते पेट्रोलच्या फलकाकडे बघून म्हणायची वेळ पुन्हा येऊ नये, एवढीच इच्छा.